चार किलोचं गणित: लहान कुत्र्याची 'नैसर्गिक' निगा

आमची खारी घरी आली तेव्हा सव्वा किलोची होती. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. अंगाने बारीक स्पिट्झ. सोसायटीत सगळे तिला 'पॉम', म्हणजे पोमेरेनियन, म्हणतात. आल्या दिवशीच घरात ठराव झाला की हिला पाकिटातलं काही द्यायचं नाही, औषधं शक्यतो नाहीत, सगळं घरचं आणि नैसर्गिक. दोन वर्षांत ती चारावरून पाच किलो शंभर ग्रॅमवर गेली. जिना चढताना मागचा उजवा पाय मध्येच उचलून तीन पायांवर उड्या मारायला लागली, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी काट्यावर ठेवलं, मग गुडघ्याची वाटी अंगठ्याने हळूच सरकवून दाखवली आणि विचारलं, "पोळी किती देता?"

"एकच हो," सासूबाई म्हणाल्या. "तीपण दुधात कुस्करून."

त्या 'एकच'चा हिशोब डॉक्टरांनी मोबाइलवर करून दाखवला. कुत्रं नुसतं पडून असलं तरी शरीर चालवायला किती कॅलरी लागतात, ते काढायची एक ठरलेली रीत आहे. वजनाचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ घ्यायचं आणि ७० ने गुणायचं. चार किलोला ४ × ४ × ४ म्हणजे ६४. वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८. घरात राहणाऱ्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या प्रौढ कुत्रीला याच्या साधारण १.४ पट पुरतं. म्हणजे दिवसाला २८० कॅलरी. सगळं धरून.

आता पोळी. तेल लावून केलेली घडीची पोळी, वर तुपाचं बोट, म्हणजे १२० कॅलरी सहज. दिवसाच्या कोट्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने जेवणाखेरीज वर सात पोळ्या हाणाव्यात, तसं हे झालं. वर दूध. खारीचं वाढलेलं वजन म्हणजे साठ किलोच्या माणसाने सोळा किलो वाढवणं, आणि ते सगळं तिच्या काडीएवढ्या पायांवर. गुडघ्याची वाटी जागची सरकणं लहान जातींमध्ये जन्मजात ठेवणीमुळे होतंच. पोळीने ती सरकली नाही, पण त्या गुडघ्यावरचा भार मात्र आम्हीच वाढवला.

तेव्हापासून नैसर्गिक निगेबद्दल कोणी काही सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारते: हे चार किलोला किती?

हाच हिशोब तीस किलोच्या लॅब्राडॉरला लावला तर पडून राहायला सुमारे ९०० कॅलरी लागतात. किलोमागे पाहिलं तर लॅब्राडॉरला ३० आणि खारीला ५०. लहान शरीराची भट्टी जोरात पेटलेली असते, पण कोठार एवढंसं. म्हणून अगदी लहान जातीचं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं, तर साखर उतरून लटपटायला लागतं, कधी झटके येतात. तिथे घरगुती उपाय खरोखर कामाचा आहे: बोटावर मध किंवा साखरेचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, आणि लगेच दवाखाना गाठायचा. याच कारणाने 'एक दिवस लंघन घाला, पोट सुधारेल' हा माणसांचा सल्ला छोट्या पिल्लाला लावायचा नाही.

घरचं जेवण

घरचं अन्न वाईट नाही, हे आधी सांगते. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालतच नाही, असं अलीकडे बरेच जण ठासून सांगतात. २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ वाढल्या आहेत, असं तिच्यात दिसलं. आपल्या उरलेल्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला प्राणी आहे तो. भात, नाचणी, बटाटा, सगळं शिजवून दिलं तर पचतं. शाकाहारी घरातही कुत्रं वाढू शकतं, पण त्याची आखणी जास्त काटेकोर लागते.

अडचण वेगळीच आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती डॉग-फूडच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी पडत होता. भात, चिकन, गाजर हे ताट आपल्याला चौरस दिसतं. प्रत्यक्षात त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, शिवाय जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं तुटपुंजी. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हे प्रमाण बिघडलेलं राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. वाढत्या पिल्लाची हाडं यात अक्षरशः ठिसूळ होतात. 'रोज कोवळं ऊन दाखवा, ड जीवनसत्त्व मिळेल,' हेही कुत्र्याला लागू नाही. आपल्या त्वचेत उन्हाने ते तयार होतं, कुत्र्याच्या त्वचेत जवळजवळ होतच नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. (खारी तरीही गॅलरीतल्या उन्हाच्या पट्ट्यात लोळते. लोळू दे.)

कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची पूड हा चांगला घरगुती मार्ग आहे. कवच उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखं बारीक करायचं. एका कवचाची साधारण पाच ग्रॅम पूड होते आणि त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खारीला दिवसाला हवं असतं ०.३५ ग्रॅम. म्हणजे एक कवच तिला पाच-सहा दिवस पुरतं. मी सुरुवातीला रोज अर्ध्या कवचाची पूड घालत होते आणि शौचाला खडूसारखे पांढरे खडे का होतात, याचं नवल करत होते.

शेवटी आहारशास्त्र शिकलेल्या पशुवैद्याकडून तिच्या वजनाची पाककृती ग्रॅममध्ये लिहून घेतली, वरून घालायच्या खनिज-जीवनसत्त्वांच्या पुडीसकट. सकाळी ते घरचं, रात्री 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं पाकिटातलं. पाकिटाची लाज आता वाटत नाही. खाऊसाठी एकूण कोट्याचा दहावा हिस्सा, म्हणजे २८ कॅलरी. एक ग्लुकोज बिस्किट दिलं की तो हिस्सा संपला. त्याऐवजी काकडी, उकडलेली फरसबी, दुधी दिला तर हात सैल सोडता येतो. आणि त्वचेला चकाकी येते म्हणून जेवणात घालतात तो एक चहाचा चमचा खोबरेल तेल? चाळीस कॅलरी.

कच्चं मांस मी देत नाही. आपल्या हवेत बाजारातून घरी येईपर्यंतच त्यात जंतू वाढलेले असतात, आणि ज्या जिभेने ती ते खाते त्याच जिभेने माझ्या मुलाचं तोंड चाटते. शिजवलेली हाडं तर नकोतच, ती सुरीसारखी तुटतात.

झाडपाल्याचं आहे, बाधणार नाही?

हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. कांदा झाडाचाच आहे. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करू शकतो. चार किलोला हिशोब लावा, मध्यम आकाराचा एकच कांदा. थोडा थोडा रोज गेला तरी नुकसान साठत जातं, शिजवल्यानेही ते जात नाही. म्हणून भाजीचा रस्सा भातावर नको. लसूण तर कांद्याहूनही तीव्र, आणि नेमका तोच 'गोचीड येत नाहीत' म्हणून नैसर्गिकवाले खायला घालायला सांगतात.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे आमच्या घरी सत्यनारायणाचा बेदाणे घातलेला शिरा आणि चिंच-गुळाची आमटी, दोन्ही खारीच्या तोंडापासून लांब. पूजेला आलेल्या प्रत्येकाला हे सांगत बसावं लागतं. "प्रसादाने काय होतंय?" असं म्हणणारे काका प्रत्येक पूजेला असतातच.

डार्क चॉकलेटचा पंधरा-सोळा ग्रॅमचा तुकडा चार किलोच्या कुत्र्याला आजारी पाडायला पुरतो. तीस किलोच्याला तेवढ्याने बहुधा काहीच होणार नाही. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य तर एक-दोन गोळ्यांतच साखर पाडतं. 'आमच्या कुत्र्याने खाल्लं, काही झालं नाही' असं कोणी म्हणालं, तर त्याच्या कुत्र्याचं वजन विचारावं.

वरून लावायच्या गोष्टींचंही हेच. शेजारच्या काकूंनी मायेने सांगितलेला उपाय म्हणजे खोबरेल तेलात कापूर विरघळवून अंगाला चोळायचा. कापूर कातडीतून आणि चाटण्यातून झपाट्याने अंगात जातो आणि झटके आणतो. टी-ट्री तेलही तसंच. त्याचे शुद्ध थेंब लहान कुत्र्याच्या मानेवर पडले की पाय लुळे पडणं, थरथरणं अशी लक्षणं दिसतात. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंघोळ घाला खुशाल, पण त्याने गोचीड जातील या भरवशावर राहू नका. चिमूटभर हळद जेवणात चालते. मात्र तिच्यातलं कर्क्युमिन अंगात फारच थोडं शोषलं जातं, तेव्हा गुडघेदुखीवर तिच्याकडून फार अपेक्षा नको. अंघोळीला आपला शॅम्पू, लिंबू, व्हिनेगर नको. आपली त्वचा आम्लधर्मी आहे, कुत्र्याची जवळजवळ उदासीन, शिवाय पातळ.

आपल्याकडे प्राण्यांच्या आयुर्वेदाची परंपरा जुनी आणि मोठी आहे, पण तिचे रुग्ण मुख्यतः घोडे, हत्ती आणि गाई होते. सोफ्यावर झोपणाऱ्या चार किलोच्या जीवाची मात्रा तिथून आणायची म्हणजे अंदाजपंचे कारभार.

गोचीड: इथे मात्र घर धुवायचं

पहिल्या पावसाळ्यात एका रात्री खारीच्या पुढच्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात, मसुराएवढं काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या घडीत एक टपोरं, राखाडी, एरंडाच्या बीएवढं. (एरंडाचं लॅटिन नाव मुळात गोचिडाचंच आहे, रोमन लोकांनाही ते साम्य दिसलं होतं.) चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढलं, साबणाच्या पाण्यात टाकलं आणि निश्चिंत झाले. तिसऱ्या आठवड्यात खारीने खाणं सोडलं. ताप १०४, कुत्र्याचा एरवीचा पारा १०१ ते १०२.५ असतो. वरचा ओठ उचलून पाहिलं तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या जुन्या कागदासारख्या. रक्त तपासलं, एर्लिकिया निघाला, गोचिडाच्या चाव्यातून येणारा जंतू. महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक.

आपल्याकडे कुत्र्यांवर दिसतं ते बहुतेक तपकिरी गोचीड. त्याची मेख अशी की ते अख्खं आयुष्य घरात काढू शकतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू रक्त पिऊन खाली पडतं, कात टाकतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. फुगलेली मादी उतरते, भिंतीवर चढते आणि खिडकीच्या चौकटीच्या, स्विचबोर्डच्या फटीत तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. कुत्र्यावर दिसतात ती थोडी. बाकीची फौज भिंतीत. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. आम्ही स्कर्टिंगच्या फटी व्हाइट सिमेंटने भरल्या, अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात टाकली, पलंगामागे व्हॅक्यूम फिरवला आणि पिशवी लगेच घराबाहेर. कुत्र्याचं नुसतं अंग न पाहता सबंध घर पाहायचं, यालाच मी 'होलिस्टिक' म्हणेन.

आणि तरीही महिन्याची गोचिडाची गोळी देते. ती गोळी वजनाच्या गटानुसार मिळते. मोठ्या कुत्र्याची आणून चार तुकडे करणं हा चुकीचा शहाणपणा, औषध प्रत्येक तुकड्यात सारखं असेलच असं नाही. ज्याला फिट येतात त्याच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारायचं. गुरांच्या अंगावर मारायचं औषध अंदाजाने पातळ करून लहान कुत्र्यावर ओतणं मात्र सरळ धोका आहे.

लसीला वजन का नाही?

सगळं वजनावर, मग लस खारीला आणि लॅब्राडॉरला सारखीच एक मात्रा कशी? हा आक्षेप मला खरंच पटण्यासारखा वाटायचा. उत्तर असं की लस औषधासारखी अंगभर पसरून काम करत नाही. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूचा चेहरा दाखवते. त्याला जेवढं लागतं तेवढं लागतंच, अर्धी लस म्हणजे अर्धवट ओळख.

पण आक्षेपात तथ्य अजिबात नाही असंही नाही. २००५ मध्ये अमेरिकेत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहान कुत्र्यांना लशीनंतर सूज, उलटी, अंगावर गांधी अशा तक्रारी जास्त होतात आणि एका भेटीत जितक्या लशी जास्त तितका धोका वाढतो, असं दिसलं. एकूण प्रमाण तरीही दहा हजारांत चाळीसच्या आतलं. यातून लस टाळायची असा अर्थ निघत नाही, लशी वेगवेगळ्या दिवशी विभागून घ्यायच्या असा निघतो. आम्ही दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवतो आणि सुई झाल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसतो. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे विषाणूंच्या रोगांवरच्या लशी पिल्लूपणीचे डोस आणि पुढचा बूस्टर नीट झाला की दर तीन वर्षांनी पुरतात, असंच आता जागतिक मार्गदर्शन आहे. लेप्टोची मात्र दरवर्षी. मुंबई-ठाण्या-कोकणात पावसाच्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, आणि खारीचं पोट त्या पाण्याच्या वर चार बोटंच. रेबीजला कुठलाही काढा, कुठलीही साबुदाण्याची गोळी नाही. लक्षणं दिसल्यावर तर कशालाच अर्थ उरत नाही.

तोंड, मान, फरशी

लॅब्राडॉरला ४२ दात आणि खारीलाही ४२, तिच्या बोटभर जबड्यात. दाटीवाटीने उगवलेले, काही तिरके. त्यामुळे लहान कुत्र्यांच्या हिरड्या लवकर सडतात. सहा-सात महिन्यांची झाली तरी दुधाचा सुळा पडला नाही, तर दाखवून घ्या. गाजर चघळायला दिलं की दात साफ होतात हा समज गोड आहे, पण खोटा. रोज बोटाला ओली गॉझ गुंडाळून किंवा मऊ ब्रशने घासणं, एवढंच चालतं. आपली टूथपेस्ट नको. चघळायची वस्तू अंगठ्याच्या नखाने दबत नसेल, तर ती दात तोडणार.

मानेला पट्टा ओळखीपुरता, दोरी छातीभोवतीच्या हार्नेसला. या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात, ओढ बसली की बदक ओरडावं तसा खोकला येतो. आणि घरातली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी! खारीच्या गुडघ्यासाठी आम्ही सोफ्यापुढे जुनी सतरंजी टाकली, पंजातले केस कापले आणि सोफ्याला लाकडी पायरी केली. एका महिन्यात जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही तेलाने पडला नव्हता.

राहिलं मन. लहान कुत्र्याला आपण येता-जाता उचलतो. समोरून मोठं कुत्रं आलं, उचल. लिफ्ट आली, उचल. तिचे पाय जमिनीला लागतच नाहीत, मग ती भुंकून भुंकून आपलं म्हणणं मांडते आणि आपण म्हणतो 'छोटी कुत्री चिडकीच'. २०१९ मध्ये शार्लोट दुरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक छान प्रयोग केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायला लावलं, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकवलं. नंतर सगळ्यांसमोर 'खाऊ असेल, नसेल' असं संदिग्ध भांडं ठेवलं. वास घेणारी कुत्री त्याकडे अधिक आशेने, अधिक झपझप गेली. आता आमचा फेरफटका वीस मिनिटांचा आणि जेमतेम दोन इमारतींचा. एकेका खांबाशी ती दीड-दोन मिनिटं उभी असते. मी वॉचमनशी बोलून घेते.

दर रविवारी वजन. आधी मी एकटी काट्यावर, मग तिला कडेवर घेऊन, मग वजाबाकी. घरचा काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे करतो, म्हणून महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावरही. खारी आता चार किलो दोनशेवर आली आहे, जिना चार पायांवर चढते. सासूबाईंनी पोळी बंद केलेली नाही. त्या जेवायला बसल्या की पोळीचा तूप न लागलेला कोपरा तोडतात, उठून ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ठेवतात, चष्मा वर करून आकडा वाचतात आणि आतल्या खोलीत मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणतात, "चार ग्रॅम गं."